कारखाना कुठं बसतो, माणूस कुठं फेकतात

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पत्रकावर छापलाय, 'महानगर आणि उद्योगांचा भूगोल'. नाव जड आहे. कॉलेजात हा विषय शिकवतात तेव्हा भिंतीवर नकाशा टांगतात. कापडाला एक ठिपका, रसायनाला एक, चामड्याला एक. मग परीक्षेत प्रश्न येतो : मुंबईत कापडगिरण्या का वाढल्या? कारणे द्या. उत्तर पोरांना पाठ असतं. बंदर, रेल्वे, दमट हवा, भांडवल आणि स्वस्त मजूर. पाच कारणं, पाच मार्क.

मला त्या पाचव्या कारणावर बोलायचंय. रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला सुटली, हे पुस्तकात असतं. कावसजी दावरनं १८५४ साली ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ ला तिच्यातून सूत निघायला लागलं, हेही असतं. पण मजूर 'स्वस्त' कोणी केला? तो काय हवेसारखा आपोआप दमट झाला? कोकणात आणि घाटावर ज्याला सातबारा नाही, ज्याला विहिरीवर पाणी नाही, ज्याच्या नशिबी येसकरीची भाकर आणि फुकटची वेठ आहे, तो गाव सोडून मुंबईला पळत येणारच. गावानं त्याला आधीच स्वस्त करून ठेवला होता. मालकानं तो तयार माल उचलला.

इंग्लंडात आल्फ्रेड मार्शल नावाचा अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला. एकाच धंद्याचे कारखाने एका जागी का गोळा होतात, याचा विचार त्यानं १८९० सालच्या ग्रंथात केलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : तिथं कसबी कामगार तयार मिळतो, सुटे भाग पुरवणारा शेजारीच असतो, आणि धंद्यातलं शहाणपण एकाकडून दुसऱ्याकडे न सांगता जातं. आज सरकारी भाषेत याला 'क्लस्टर' म्हणतात. मार्शल चूक नाही. त्याचं सगळं आपल्याकडे लागू पडतं. फक्त आपल्याकडे शेजारी कोण असावा हे आधी जात ठरवते, मग बाजार. हा एक धागा मार्शलच्या हातात नव्हता. तो आपल्या हातात आहे, आणि तोच धरून आज आपण मुंबईचा नकाशा वाचायचा.

सुरुवात गिरणगावापासून करू. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी. गिरणीच्या भोवती चाळी, चाळीत खोल्या, खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं. भोंगा वाजला की दहा मिनिटांत माणूस खात्यावर. कामगार मालकाच्या दारात राहतो, हाच मालकाचा फायदा. बाहेरून सगळे कामगार सारखेच दिसायचे. आत गेलं की खाती वेगळी. आपला माणूस रिंगखात्यात, नाहीतर झाडूकामाला. कापडखात्यात मजुरी जास्त, आणि नेमका तिथंच आपल्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागायचं. महाराचं तोंड लागलेला धोटा मराठा विणकर तोंडाला कसा लावणार? यंत्र मँचेस्टरचं, विटाळ आपल्या गावचा. वाफेवर चालणाऱ्या कारखान्यात मनुस्मृती बिनपगारी मुकादम होती.

१९२८ सालचा मोठा संप आठवा. सहा महिने गिरण्या बंद. कॉम्रेड लोक संपाचे पुढारी. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं, कापडखातं आमच्यासाठी उघडायची मागणी तुमच्या यादीत आहे का? नव्हती. बाबासाहेबांनी दम भरला तेव्हा ती घातली. मालकांनी हात वर केले की हा अन्याय असलाच तर तो आमचा नाही. बघा कशी वाटणी झाली. मालक म्हणतो कामगारांचा दोष, कामगार पुढारी म्हणतो आधी वर्गलढा. आणि आपला माणूस कमी मजुरीच्या खात्यातच. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते हवेतून नाही काढले. ते या खात्याखात्यांतून फिरून आल्यावर सांगितले.

म्हणून गिरणगावाचं नाव काढलं की डोळे पुसणाऱ्यांना मी सांगतो, रडा, पण पूर्ण रडा. त्याच गिरणगावात १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळी पेटल्या होत्या. एकाच भोंग्यावर उठणारी, एकाच नळावर पाणी भरणारी माणसं एकमेकांसमोर उभी राहिली. १० जानेवारीला परळच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. कारखाने जवळजवळ बांधले म्हणून माणसं जवळ येत नाहीत. हा धडा आपण रक्त देऊन शिकलोय.

तरीही एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. त्या दाटीत ताकद होती. गिरणी, चाळ, युनियनचं ऑफिस, व्यायामशाळा, खानावळ सगळं एका हाकेच्या अंतरावर. एक हाक दिली की मैदान भरायचं. आपल्या जलशांचे फड याच वस्त्यांतून घुमले. मालकाला ज्या दाटीतून नफा मिळत होता, त्याच दाटीतून त्याला भीतीही वाटत होती. ही भीती लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा भूगोल समजेल.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तो संप रीतसर कधी मागं घेतलाच गेला नाही. या काळात कापड बनायचं थांबलं का? नाही. ते भिवंडीला गेलं. गिरणीचा छाप मारून कापड भिवंडीच्या मागावर निघायला लागलं. तिथं कोण? उत्तर प्रदेशातून आलेला अन्सारी, तेलंगणातून आलेला पद्मशाली. बारा बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, ना हजेरीपट, ना फंड, ना युनियन. एका आवारात पाच हजार कामगार होते, त्याऐवजी गाळ्यागाळ्यात पाच पाच. हे नुसतं धंद्याचं स्थलांतर नव्हतं. संघटना मोडायची ही सगळ्यात सोपी रीत होती. लाठी मारायची गरज नाही, फक्त माणसं विखरून टाकायची.

मग उरली जमीन. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर, मुंबईच्या ऐन बेंबीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम आला. गिरणीची जमीन विकायची तर तीन वाटे : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला न्याय वाटतो. २००१ साली त्यात बदल केला. वाटे करायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या जागेचे, इमारतीखालची जागा वाटणीत नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? शेड पाडून जी मोकळी होणार ती सगळी मालकाची. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम ठेवला. तिथं आता काचेचे टॉवर आहेत, मॉल आहेत. आणि गिरणी कामगाराला घर कुठं दाखवतात? कर्जत लायनीवर, शेलूला आणि वांगणीला. २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार आणि त्यांच्या विधवा आझाद मैदानावर बसल्या होत्या. आम्हाला मुंबईतच घर द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. ज्या मातीत घाम गाळला त्या मातीचा भाव वाढला, म्हणून घाम गाळणारा शहराबाहेर.

आता नकाशाच्या पूर्वेला या. बहुतेक गावांत महारवाडा पूर्वेला का असतो, हे तुमच्या आज्याला विचारा. वारा पश्चिमेकडून येतो. गावावरचा वारा महारवाड्यावर गेला तर चालतो, महारवाड्यावरचा गावावर यायला नको. आता मुंबई बघा. मलबार हिल समुद्राकडं. देवनार, गोवंडी, माहुल पूर्वेला. शहरातला कचरा महालक्ष्मीहून रेल्वेच्या वाघिणीत भरून चेंबूरकडं नेत, लोक तिला कचरागाडीच म्हणत. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. १९५४-५५ साली तुर्भे-माहुलला तेलाचे शुद्धीकरण कारखाने आले, १९६५ ला खताचा. योजनाकारांनी खेडं डोळ्यांपुढं ठेवून नकाशा काढला असं मी म्हणत नाही. त्यांना तसं करायची गरजच पडली नाही. त्यांनी फक्त पाहिलं की जमीन कुठं स्वस्त आहे आणि कुणाच्या तक्रारीला किंमत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच जागी सापडतात, आणि ती जागा कुठली हे या देशात हजार वर्षं ठरलेलं आहे.

पुढची चाल तर अजून बघण्यासारखी आहे. आधी घाण जिथं गरीब आहे तिथं नेली. मग गरीब जिथं घाण आहे तिथं नेला. तानसाच्या जलवाहिनीवरच्या झोपड्या पाडल्या आणि माणसं माहुलच्या इमारतींत कोंबली. तिथली हवा माणसाच्या तब्येतीला घातक आहे हे हरित लवादानं २०१५ मध्येच नोंदवलं होतं. लोक लढले. २०१९ च्या सप्टेंबरात उच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं, यांना माहुलमध्ये डांबू नका, भाडं द्या. लढल्यावर मिळालं, मित्रांनो. अर्ज करून नाही मिळालं. देवनार-गोवंडीचा एम-पूर्व वॉर्ड २००९ सालच्या मुंबईच्या मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांच्या तळाला होता. तोही मुंबईचाच पत्ता आहे, पत्राच्या पाकिटावर मुंबईच लिहितात.

आता धारावी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चामडं कमावायच्या भट्ट्या तिथं बसल्या, कारण तेव्हा ती शहराबाहेरची दलदल होती. गावकुसाबाहेरचं काम गावकुसाबाहेरच्या जागेवर. तिरुनेलवेलीकडचे आदिद्रविड आणि मुसलमान आले, आपले ढोर-चांभार आले. सौराष्ट्रातल्या कुंभारांनी कुंभारवाडा वसवला. पुढं शहर पसरलं आणि शहराबाहेरची जागा शहराच्या पोटात आली. ओल्या कातड्याचं काम तिथून हलवलं, राहिलं ते तयार चामड्याचं, पट्टे, पाकिटं, बॅगा. २०१५ साली राज्यात गोवंशहत्याबंदीचा कायदा आला त्याचा फटका त्यालाही बसला. सोवळं कुणाचं आणि उपाशी कोण, हिशेब तुम्हीच करा.

धारावीतली तेरा कंपाउंडची गल्ली डोळ्यांपुढं आणा. सगळ्या मुंबईचं प्लास्टिक तिथं येतं. बाया बसून ते रंगावर, कडकपणावर निवडतात. हातात घेऊन, वाकवून, आवाजावरून त्यांना कळतं कुठलं कशात जाणार. मग ते दळतात, धुतात, पत्र्यावर वाळवतात, वितळवून त्याच्या तारा काढतात, तारांचे दाणे कापतात. ते दाणे विकत घेऊन कारखाने नवा माल बनवतात. निवडणारा एकाचा, दळणारा दुसऱ्याचा, दाणे काढणारा तिसऱ्याचा, सगळे शंभर पावलांत. खाली काम, वर माळ्यावर झोपायचं, छतावर वाळवण. बायकांचं निवडायचं काम घरातल्या चुलीपासून दहा हातांवर, म्हणून पोर सांभाळून होतं. मार्शलच्या पुस्तकात बसेल असा हा धंद्याचा घोळका आहे. फरक इतकाच की यातल्या एकाही बाईला कुणी कसबी कामगार म्हणत नाही. तिला 'कचरेवाली' म्हणतात.

२०२२ च्या नोव्हेंबरात धारावीच्या पुनर्विकासाची बोली अदानी समूहानं जिंकली. नियम असा : १ जानेवारी २००० च्या आधीपासून तळमजल्यावर असाल तर धारावीत साडेतीनशे फुटांचं घर. नंतर आला असाल, किंवा माळ्यावर राहत असाल, तर धारावीबाहेर. एकाला 'पात्र' म्हणायचं, दुसऱ्याला 'अपात्र'. हा शब्द आपल्याला काही नवा नाही. विद्येला अपात्र, देवळाला अपात्र, पाण्याला अपात्र, आता खोलीला अपात्र. आणि बाहेर म्हणजे कुठं? २०२४ साली सरकारनं जागा ठरवल्या त्यात मिठागरं आहेत, आणि देवनारच्या डंपिंग ग्राउंडची सव्वाशे एकराच्या आसपास जमीनही आहे. शहराचा कचरा निवडून ज्यांनी पोट भरलं, त्यांना त्याच कचऱ्याच्या ढिगावर नेऊन बसवायचं. आणि काम? माळ्यावरचा माणूस तिकडं गेला, गाळा इकडं राहिला, निवडणारी बाई तिसरीकडं. ती साखळी तुटली की धंदा मेला. नवव्या मजल्यावर प्लास्टिक वाळवता येत नाही, कुंभाराची भट्टी लिफ्टनं वर जात नाही.

हे फक्त मुंबईत होतं असं समजू नका. दिल्लीत १९९६ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं १६८ घातक कारखाने बंद करायला सांगितले. प्रदूषण घालवायचं म्हणून छोटे कारखानेही शहराच्या कडेला, बवानासारख्या ठिकाणी हलवले. २०१८ च्या जानेवारीत बवानात फटाके भरायच्या जागेला आग लागून १७ माणसं मेली. कलकत्त्यात तांगऱ्याची चामड्याची कामं १९९६ च्याच डिसेंबरातल्या हुकमानं बानतळ्याला न्यायची ठरली. त्या बानतळ्याच्या चामडा संकुलात २०२५ च्या फेब्रुवारीत गटार साफ करायला उतरलेले तीन कामगार गेले. महानगरांत गटारात माणूस उतरवायचा नाही असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. हवा स्वच्छ व्हावी ही मागणी चुकीची नाही. आपल्यालाच ती सगळ्यात जास्त पाहिजे, कारण सगळ्यात जास्त धूर आपल्या पोरांच्या छातीत जातो. पण हवा स्वच्छ करायची म्हणजे गटार आणि भट्टी उचलून दुसऱ्या गरिबाच्या दारात ठेवायची, हे आम्ही मान्य करणार नाही.

आता तुमच्याबद्दल बोलतो. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्याच्या वागळे इस्टेटीपासून सुरुवात, मग अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर, तळोजा, तारापूर. मुंबईतून उचललेला कारखाना तिकडं गेला आणि त्याच्या कुंपणाला लागून वस्ती वाढत गेली. डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यात स्फोट झाला, २०२० ला रसायनानं रस्ता गुलाबी झाला, २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा स्फोट. भिवंडीत मागाच्या जोडीला आता मैलोन्‌मैल गोदामं. तिथं कोण आहे? बी.ए., बी.कॉम. झालेली आपलीच पोरं. हातात स्कॅनर, पायाला बारा तास उसंत नाही, पगार ठेकेदाराकडून. बाबासाहेबांनी दिलेलं आरक्षण त्या गोदामाच्या गेटवर थांबतं. आत कंपनीचा बोर्ड, पण विचारलं तर कंपनी म्हणते हा आमचा माणूसच नाही. आजा रिंगखात्यात होता, त्याला निदान भोंगा होता, गेटवर सभा होती. नातू गोदामात आहे, त्याला शेजारी काम करणाऱ्याचं आडनाव माहीत नाही. मुद्दाम माहीत होऊ दिलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आपली लढाई नुसती मजुरीची नाही आणि नुसती मानाची नाही, ती जागेचीसुद्धा आहे. कारखाना कुठं बसणार, कधी उठणार, उठल्यावर ती जमीन कुणाची, हे ठरवायच्या टेबलावर आपण कधीच नव्हतो. तिथं बसायचं असेल तर हातात काहीतरी घेऊन बसावं लागेल. तीन कामं सांगतो.

पहिलं. आपली गणती आपण करायची. सरकारचा सर्वे खोल्या मोजतो, काम मोजत नाही. कुठल्या गल्लीत कुठला धंदा, किती हात, त्यात बाया किती, माळ्यावर कोण, माल कुठून येतो, कुठं जातो, हे आपण लिहून काढायचं. उद्या 'अपात्र' म्हणून कागद आला तर त्याला आपला कागद लावता आला पाहिजे. आणि पुनर्वसन म्हणजे खोलीच्या बदल्यात खोली, हे मान्यच करायचं नाही. खोली अधिक कामाची जागा, दोन्ही चालत जायच्या अंतरावर, अशी मागणी.

दुसरं. एमआयडीसीच्या शेजारच्या प्रत्येक वस्तीनं कारखान्यात कुठलं रसायन आहे ते विचारायचं. भोपाळला १९८४ साली माणसं मेली ती कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारी. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, आणि धोकादायक कारखान्यानं आजूबाजूच्या लोकांनाही माहिती द्यायची हे तत्त्व कायद्यात आलं. कायदा आपल्या प्रेतांवर उभा राहिलाय, तर तो वापरायला लाजायचं कशाला?

तिसरं, आणि सगळ्यात अवघड. गोदामातला आपला, मागावरचा अन्सारी, भंगारातली तमिळ बाई, बिहारहून आलेला चामडेवाला यांना एका चटईवर बसवायचं. १९२८ च्या पुढाऱ्यांनी केलं तसं नाही, की आधी एकी आणि तुमचं गाऱ्हाणं नंतर. पहिल्याच बैठकीत कापडखात्याचा प्रश्न विचारायचा. आज कुठलं खातं कुणाला बंद आहे? मुकादम कोण होतो? गटारात कोण उतरतो? बाईला पुरुषाच्या निम्मे पैसे का? याची उत्तरं दिल्यावर जी एकी होईल ती टिकेल. नाहीतर ७४ साली बघितलंच आपण, एका नळावरची माणसं दगड घेऊन गच्चीवर जातात.

आज इथं बसलेले निम्मे धारावी-गोवंडीचे आहेत, काही भिवंडी-डोंबिवलीहून लोकल पकडून आलेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन आपापल्या गल्लीत फिरून यायचं. दुकानं, गाळे, भट्ट्या, गटारं, माळे सगळं त्यावर काढायचं. चित्र वाकडं आलं तरी चालेल. ते कागद एकमेकांना जोडू, आणि मग त्या भिंतीवरच्या नकाशाशेजारी आपला टांगू.

जयभीम.